सुपांच्या पाठी रंगवणाऱ्या माझ्या दादाला

दादा, तुझ्या जलदानविधीला पाण्याचा टँकर मागवावा लागला. मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, बौद्धाचार्य गाथा म्हणत होते, आणि रस्त्यावर टँकरवाला हॉर्न वाजवून विचारत होता, पाइप कुठे सोडू. रंजनावहिनी तुझ्या फोटोसमोरून उठली, पदराने डोळे पुसले आणि त्याला पिंपं दाखवायला गेली. ज्या गावाच्या डोक्यावर बारा महिने वाहणारा झरा होता, तिथे तुझ्या नावाने ओतायचं पाणीसुद्धा बाहेरून आणावं लागलं.

मग मला बोलायला उभं केलं. "आपल्या मधू पेंटरची धाकटी बहीण, शोभाताई, शहापूर तालुक्यात शिक्षिका आहेत, त्या दोन शब्द बोलतील." मी बोलले. तू मला पाटीवर अक्षरं गिरवायला कशी शिकवलीस ते सांगितलं. 'ळ' काढताना माझा हात धरून "दोन पोटं काढ, गो, एका पोटाचा नसतो तो" असं म्हणायचास, तेही सांगितलं. बायका रडल्या. मी खाली बसले. सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. तुझ्या फोटोकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून बोलताना सगळा वेळ मी मांडवाच्या खांबाकडे बघत होते.

ते आता इथे लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगू दे. कुठे चुकले तर टोकायला आता तू नाहीस.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे तुझं दुकान होतं. बोर्ड, नंबर प्लेट, लग्नाच्या गाडीवरची नावं, जयंतीच्या मिरवणुकीचे पडदे, सगळं तू हाताने करायचास. फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत दुकानाचं शटर खाली आलं. तेव्हा मी माझ्या शाळेच्या भिंतींचं काम तुला मिळवून दिलं. बाराखडी, पाढे, झाडाचे भाग, सूर्यमाला. ते बघून शेजारच्या केंद्रातल्या शाळांनी बोलावलं आणि तू 'भिंतीवाला पेंटर' झालास. सरळगाववरून किन्हवलीच्या गाडीत बसून रंगाचे डबे घेऊन यायचास. माझ्या वर्गातली मुलं तुला मामा म्हणायची. माझ्या उभ्या नोकरीत मला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट आहे, ती या भिंती.

मग आपल्या गावामागच्या डोंगरात खदाण सुरू झाली. आधी आपण म्हणालो, चार पोरांना काम मिळेल. पहिल्या उन्हाळ्यात सुरुंगांनी भिंतींना भेगा गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात झरा बारीक झाला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला. क्रशरची धूळ भाताच्या लोंब्यांवर पिठासारखी बसायची. अनुसयामावशीचं शेत खदाणीच्या रस्त्याला लागून. तिची दुभती म्हैस धूळ बसलेला चारा खाऊन मेली, निदान मावशीचं म्हणणं तसं. तालुक्याला गेलेला अर्ज कुठल्या टेबलावर राहिला, ते कोणाला कळलं नाही.

तू पहिल्यांदा लिहिलंस ते समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर. 'खदाण बंद करा.' दुसऱ्या दिवशी त्यावर चुना फासलेला. तू परत लिहिलंस, तेव्हा तुला चौकीवर बोलावून विद्रूपीकरणाची नोटीस हातात दिली. फ्लेक्सवाल्याकडे गेलास तर तो हात जोडून म्हणाला, "पेंटर, परवानगीचं पत्र आणा, नाहीतर माझी मशीन उचलून नेतील." मग जमावबंदी लागली. पाच माणसं पारावर बसली तरी गाडी येऊन थांबायची.

मी तुला फोनवर म्हणाले, "दादा, आता बस कर. भिंत नाही, कापड नाही, कागद नाही. लिहिणार कशावर?"

तू म्हणालास, "घरात काय कमी वस्तू हायत काय गो?"

आषाढात लावणी लागली. आपल्याकडे अजून काही बायका इरलं घालतात. बांबूच्या कामट्यांचा तो सांगाडा डोक्यावरून पाठीवर उतरतो आणि त्याखाली पाऊस लागत नाही. तू खताच्या पांढऱ्या गोण्या उसवून सहा इरल्यांवर शिवल्यास आणि प्रत्येकावर लाल रंगात एकेक अक्षर काढलंस. सहा बायका ओळीने वाकल्या की वरच्या रस्त्यावरून, डंपर जातात त्या रस्त्यावरून, पाठींवर वाचता यायचं: 'झरा परत द्या.'

मी रविवारी आले होते. तू रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभा, आणि खाली ओळ सारखी बिघडत होती. "गो 'प', अलीकडं सर! तू 'त'च्या मागं गेलीस, वाक्याचा पार चेंदा केलास!" खालून हशा. मग 'द्या'वाली पोराला पाजायला घरी गेली आणि नुसतंच 'झरा परत' उरलं. तू म्हणालास, "राहू दे, ते बी बरं दिसतंय." मी इतकी हसले की बांधावर बसावं लागलं. दादा, आपण दोघं शेवटचे पोटभर हसलो ते तेव्हा.

मग गाडी आली. फौजदार बूट चिखलात रोवत बांधापर्यंत उतरला.

"हे काय लिहिलंय?"

अनुसयामावशीने कंबर सरळसुद्धा केली नाही. "माज्याकडं नुसता 'र' हाय, साहेब. बाकीच्यांचं मला काय ठावं?"

"आणि तुझ्याकडे?"

"माज्याकडं काय हाय ते मला वाचता येत नाय. तुमीच सांगा."

तो उभा राहिला, परत वर चढला, निघून गेला. एका अक्षरावर गुन्हा कसा दाखल करायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, आपण जिंकू. तुलाही वाटलं असेल.

दिवाळीनंतर खदाण वाढवायची होती आणि त्यासाठी जनसुनावणी लागली. बोलायचं असेल त्याने आधी नाव द्यायचं, नाव मंजूर झालं तर बोलायचं. आत कागद न्यायचा नाही, फलक नाही, काळं कापड नाही. काळी छत्रीसुद्धा दारावर काढून घेणार होते. गावातून नावं गेली, त्यांतलं एकही मंजूर झालं नाही.

तेव्हा तू सुपांवर आलास. सुपाच्या पाठीला बायका कागद-मेथीचा लगदा लावून वाळवतात, दाणे फटीतून गळू नयेत म्हणून. त्यावर रंग छान बसतो. आणि बाई पाखडायला लागली की सुपाचं तोंड वर उडतं आणि पाठ समोरच्याला दिसते. हे मी जन्मभर बघत आले होते. त्यात काही बघण्यासारखं आहे हे मला तू सांगितलंस तेव्हा कळलं.

आपल्या गावात रंगवणं शक्य नव्हतं, घरावर पाळत होती. तू माझ्याकडे आलास. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. ओसरीवर बसून चहा पीत म्हणालास, "आठ दिवस तुझा वर्ग दे. कोनाला कळायचं नाय."

मी चावी दिली. तुला मागावीही लागली नाही. आत गेले, खिळ्यावरची काढली आणि तुझ्या हातात ठेवली.

सुपं गोणपाटात बांधून एसटीने आली. कंडक्टर म्हणाला, "पेंटर, धंदा बदलला काय?" आणि आठ दिवस माझ्या वर्गात, तूच काढलेल्या सूर्यमालेखाली, तू सत्तावीस सुपं रंगवलीस. अक्षर एकही नाही. मी विचारलं तर म्हणालास, "अक्षराला कलम लावतात. चितराला काय लावतील? झाड काढलं म्हनून आत टाकतील?"

प्रत्येक बाईला तू विचारून आला होतास, तुझ्या सुपावर काय काढू. मावशीला तिची म्हैस हवी होती. एकीला झऱ्यावरचा धुण्याचा दगड. सखूला तिचं घर हवं होतं. तू घर काढलंस आणि भिंतीला भेग काढली नाहीस. मी भांडले तुझ्याशी.

"भेग नाही काढलीस तर साहेबांना काय कळणार? निषेध कसला हा?"

"ती म्हनाली, फट नको काढू, दादा, माजं घर नीट काढ."

"तिला काय कळतं त्यातलं!"

तू ब्रश खाली ठेवलास. "शोभे, सूप तिचं हाय. तिच्या सुपावर माजं म्हननं कशाला?"

तो वाद अर्धाच राहिला, कारण रंग वाळत होता. तू मला दुसरा ब्रश दिलास आणि म्हणालास, झऱ्यात निळा भर. मी भरला. त्या सुपावरचा निळा माझा आहे, दादा. हे मी कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मी शाळेत होते. जे सांगते ते मावशीकडून ऐकलेलं आणि मोबाइलवर बघितलेलं. दारावर बायकांच्या पिशव्या तपासल्या. सुपांकडे कोणी बघितलं नाही. त्यांत तांदूळ होते, बायका कामावरून आल्या असतील असं वाटलं. साहेबलोक खुर्च्यांवर, बायका मागे उभ्या. एकाने माइकवर वाचलं, "ग्रामस्थांची कोणतीही हरकत प्राप्त झालेली नाही." मावशी पुढे आली आणि पाखडायला लागली. मग सखू. मग सगळ्या. सत्तावीस सुपांचा तो आवाज माइकमध्ये घुसला. सूप वर उडालं की म्हैस, खाली आलं की नाही. वर उडालं की झरा. घर, फणस, धुण्याचा दगड, आणि कोंडा उडून समोरच्या कागदांवर. कोणी एक शब्द बोललं नाही. सुनावणी तहकूब झाली.

तुझा फोन आला तेव्हा तू ओरडत होतास, "शोभे, त्यांनी बघितलं! माना वर करून बघितलं गो!"

पाच दिवसांनी घराघरांतून सुपं उचलून नेली. पंचनाम्यात लिहिलं, 'बांबूचे सूप, त्यावर रंगीत चित्रे.' बायकांनी पावती मागितली, ती मिळाली नाही. मावशी सांगते, बाजारात सुपं विकणारीलाही बजावलं, पाठ कोरी ठेव.

आणि माझ्या शाळेत चौकीवरचे एक साहेब आले. सुपं कुठे रंगली ते कोणीतरी सांगितलं होतं. बिघडलेली चार सुपं अजून कपाटामागे होती, ती त्यांनी स्वतः काढली. मला निलंबनाचं भय घातलं. मग खुर्ची पुढे ओढून अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, तुम्ही भल्या बाई. एक कागद द्या, विषय संपला. तुमच्या नकळत भावाने चावी घेतली, एवढंच."

माझ्या नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडली होती. मुलगा बारावीला. घर माझ्या पगारावर चालत होतं. ही कारणं मी गेली दोन वर्षं स्वतःला सांगत आले. खरी आहेत ती. पण कागद लिहिताना मला मुलगा आठवला नव्हता, नवरा आठवला नव्हता. मी फक्त घाबरले होते. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात, तू शिकवलेल्या अक्षरात. 'माझ्या परवानगीशिवाय व माझ्या नकळत माझ्या भावाने शाळेची चावी नेली.' खाली सही. साहेब गेल्यावर ती चार सुपं मी मोडली आणि खिचडीच्या चुलीत घातली. स्वयंपाकीण बघत होती.

चित्रासाठी कलम नव्हतं, तुझं बरोबर होतं. माझ्या कागदाने त्यांना कलम दिलं. शाळेत घुसला, चावी चोरली. तुला अकरा दिवस आत ठेवलं. सुटताना हमी लिहून घेतली, की सार्वजनिक जागी चित्र काढणार नाही. आणि पुन्हा कुठल्या शाळेने तुला बोलावलं नाही. शाळेत चोरी केलेल्या माणसाला भिंत कोण देणार?

सुटल्यावर महिनाभराने तू शहापूरला घरी आलास. मी दार उघडलं. वाटलं, आता विचारशील. तू ओसरीवर बसलास. पिशवीतून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवलास. "काळा रंग हाय. शाळंत मला येता यायचं नाय, तुजा फळा तूच रंगव. दोन हात दे. पैला वाळल्याबिगर दुसरा देऊ नको." चहा घेतलास. भाच्याची चौकशी केलीस. उन्हं कलायच्या आत उठलास. मी डबा हातात धरून उभी राहिले. 'दादा, तो कागद' एवढे तीन शब्द होते. तू फाटकापर्यंत गेलास, फाटकाची कडी नीट लावलीस, आणि मी डबा घेऊन आत गेले.

नंतर तू खदाणीच्या डंपरांचे नंबर रंगवायला लागलास. सरळगावच्या नाक्यावर मी तुला गाठलं, डंपरच्या मागे उकिडवा बसलेला, तोंडाला रुमाल, खोकत होतास. माझ्यातली दुष्ट बाई उफाळून आली. कोणाचा राग कोणावर काढला ते आज कळतं.

"लाज नाही वाटत? त्यांच्याच गाड्या रंगवतोस?"

"नंबर नसला तर पकडशील कोनाला?" तू वळलाही नाहीस. "मोठा काढतोय बघ. मावशीच्या बांधावरून वाचता आला पायजे. बाया वहीत लिहून घेतात, कुठली गाडी किती येळा गेली, रातची किती गेली."

"बहाणे सांगू नकोस मला," मी म्हणाले. "काय मिळालं एवढं सगळं करून? झरा आला? सुपं परत आली?"

तू ब्रश पुसलास. मग म्हणालास, "नाय मिळालं काय." एवढंच. मी किन्हवलीच्या गाडीत चढले. आपला शेवटचा वाद हा. यात मी जिंकले. दादा, ती जीत मला घशाखाली जात नाही.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेलीत, रंग आणि धूळ दोन्ही. चार दिवस मी तुझ्या खाटेशी होते. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. पहिल्या दिवशी नर्स आली. दुसऱ्या दिवशी तू झोपलास. तिसऱ्या दिवशी तू नाकावरची नळी बाजूला सारून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलंस. 'शांतता राखा' लिहिलं होतं, त्यातला अनुस्वार गळला होता. "शातता," तू म्हणालास, "शाळामास्तरीन बसलीय समोर आनि हिला दिसंना." मी हसले, तू हसलास, हसता हसता तुला उबळ आली, सिस्टर धावली. चौथ्या दिवशी सांगायला तू नव्हतास.

आता ते सांगते, जे जलदानाच्या संध्याकाळी झालं. माणसं पांगली होती. वहिनी आणि मी पाठीमागे भांडी घासत होतो, टँकरच्या उरलेल्या पाण्यात. वहिनी मान खाली घालूनच म्हणाली, "तुमचा कागद ह्यांना दाखवला होता चौकीत. पैल्याच दिवशी."

मी पातेलं खाली ठेवलं.

"साहेबानं विचारलं, भैनीनं दिलीय का चावी, खरं सांग, तुला सोडतो, तिला बघतो. हे म्हनाले, ती कशाला देईल? ती दुपारची झोपली होती, खिळ्यावरची मीच उचलली. कागद खरा हाय." वहिनीने पिंपातलं पाणी तांब्याने ओतून हात धुतले. "मला शपथ घातली होती, शोभाला कळता कामा नये म्हनून. आता शपथ घालनाराच नाय."

दादा, तू मला शिवी का दिली नाहीस? नाक्यावर मी तुझी लाज काढत होते तेव्हा नुसतं मान वळवून बघायचं तरी होतंस. एकदा म्हणायचं होतंस, शोभे, तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. मी तुझ्या पायाशी बसून रडले असते, तू डोक्यात टपली मारली असतीस, आणि आपण दोघं माणसांसारखे जगलो असतो. तू मला वाचवलंस आणि या अशा जागी आणून सोडलंस, जिथे माफी मागायलाही कोणी नाही. मी तुझ्यावर रागावले आहे. एवढं कोणी कोणासाठी करू नये. कोणाला पेलत नाही ते.

आणि तरी, रात्रंदिवस मनात हेच, की जगात एक माणूस होता ज्याने माझं सगळ्यात वाईट रूप पाहिलं, आणि तो माझ्या घरी येऊन माझ्या फळ्याची काळजी करत बसला.

परवा मी चौकीत गेले. म्हटलं, माझा जबाब चुकीचा आहे, तो बदलायचाय. चावी मी दिली होती. टेबलावरच्या माणसाने फाइल शोधली, उघडली, बंद केली.

"आरोपी मयत. प्रकरण बंद झालं, मॅडम."

"पण ते खोटं आहे. तो चोर नव्हता. माझा जबाब घ्या."

"तुमचा जबाब आधीच घेतलाय की," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी तासभर बसले. दुसरा कोणी माझं ऐकेल म्हणून वाट बघत होते. कोणी ऐकलं नाही. त्या फाइलीत तू कायमचा चोर आहेस आणि मी कायमची भली बाई.

तिथून गावात गेले. अनुसयामावशीच्या ओटीवर चार बायका बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कागदाचं, चावीचं, चुलीत घातलेल्या सुपांचं. वाटलं, मला हाकलतील. सखू उठून आत गेली ती बाहेर आली नाही. मावशीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती, ती मी मागितलीही नव्हती.

"सुनावनी परत लागलीय," ती म्हणाली. "येत्या गुरवारी. मागल्या खेपेचं सगळं त्यांनी रद्द धरलंय. म्हनतात, एका चोरट्यानं बाया फितवल्या, त्यांचं म्हननं खरं नाय. आमच्या नंबरांच्या वह्या बी चोरट्यानंच लिवायला लावल्या म्हनतील." मग, "आमी सांगून काय होत नाय. तुजा कागद हाय, तूच येऊन सांग. येतीस काय?"

दादा, तिथूनसुद्धा मी 'येते' न म्हणताच निघाले. सरळगावपर्यंत चालत आले. नोकरीची अजून नऊ वर्षं आहेत. खोटा जबाब दिला म्हणून आता माझ्यावरच काय काय लागेल, मला माहीत नाही. आणि मी जाऊन सांगितलं तरी झरा येणार नाही, तू येणार नाहीस. बहुधा मला माइकपाशी पोहोचूही देणार नाहीत. हे सगळं मला दिसतंय. भीती तेव्हा होती तेवढीच आहे, कणभरसुद्धा कमी झालेली नाही.

आज शाळेत गुरुवारच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सुनावणीत जबाब देण्यासाठी. शाळेची चावी भावाला मी स्वतः दिली होती.'

मुख्याध्यापक सरांनी चष्मा लावून अर्ज वाचला. परत वाचला. उठून दार लोटलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, 'घरगुती' लिहा. मी लगेच मंजूर करतो. हे कोणी वाचलेलं नाही असं समजू."

"सर, कारण तेच आहे."

"मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

पेन त्यांनी माझ्याकडे केलं होतं. माझा हात पुढे गेला, दादा, खोटं कशाला सांगू. गेला, आणि मी तो मागे घेतला. अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच ठेवला आणि वर्गात गेले. तिसरीची मुलं उभी राहून नमस्ते म्हणाली. मी त्यांना बसा म्हणायचं विसरले, आणि ती बिचारी कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.